तळ्यातले ते लाल गोळे आमचे आहेत : मिनेसोटातल्या बोटवाल्या मराठी मंडळींना खुलं पत्र

मिनेसोटात तळ्याकाठी घर, केबिन किंवा नुसतीच बोट असलेल्या सर्व मराठी मंडळींना,

स.न.वि.वि.

गेल्या काही वर्षांत आपल्या लोकांच्या बोटी वाढल्या आहेत. पूर्वी एखाद्याकडे पाँटून, म्हणजे सपाट तरंगत्या ओट्यासारखी संथ बोट, असायची. तिच्यावर दहा माणसं, भेळेचं सामान आणि एक स्पीकर, एवढ्यावर उन्हाळा साजरा व्हायचा. आता मोठ्या बोटी दिसतात. मागे उंच कमान, पोटात पाण्याच्या टाक्या, आणि बोटीमागच्या लाटेवर दोर सोडून सर्फिंग करत उभी राहिलेली आपली पोरं. मला ते बघून बरंच वाटतं. आपल्यातल्या पुष्कळांना लहानपणी ‘पाण्याच्या जवळ जाऊ नकोस’ एवढंच ऐकायला मिळालं. त्यांची मुलं पाण्यात पडायला भीत नाहीत, ही काही लहान गोष्ट नाही. पण गणपतीत, दिवाळीच्या फराळाला, जिथे जिथे भेटलो तिथे एक वाक्य कानावर येत राहिलं : ‘तळ्याच्या मधोमध ते लाल-पिवळे गोळे कोणी लावलेत? बोट नेताना अडचण होते. काउंटीला सांगून काढायलाच हवेत.’ एके ठिकाणी तर तक्रारीचा मसुदा फिरत होता आणि मलाच सही करायचा आग्रह झाला.

मंडळी, ते गोळे आमचे आहेत. आमचे म्हणजे माझे आणि माझ्याबरोबर उजाडता उजाडता पाण्यावर येणाऱ्या, बहुतेक पन्नाशी ओलांडलेल्या, आणखी काही खुळ्यांचे. त्या गोळ्यांना बोये म्हणतात. सगळे मिळून वॉटर स्कीइंगचा, म्हणजे बोटीमागे दोर धरून पाण्यावर घसरण्याच्या खेळाचा, एक स्लॅलम (नागमोडी) कोर्स होतो. तो चोरून लावलेला नाही. सार्वजनिक पाण्यावर असं काही तरंगतं ठेवायचं तर या राज्यात काउंटीच्या शेरीफकडून परवाना घ्यावा लागतो, आणि तो आम्ही घेतो. शेजाऱ्यांनी हरकत घेतली तर तो अडू शकतो. म्हणून सही करण्याआधी हे पत्र वाचा, एवढी विनंती. वाचूनही करावीशी वाटली तर करा, आपलं येणंजाणं त्याने तुटणार नाही.

काठावरून पाहिलं तर ते गोळे कसेही विखुरल्यासारखे दिसतात. प्रत्यक्षात ते सेंटिमीटरच्या हिशोबाने मोजून लावलेले असतात, आणि फ्लोरिडापासून फ्रान्सपर्यंत सगळीकडे माप एकच. पूर्ण कोर्स २५९ मीटर लांब. मधोमध बोट जाण्याची वाट, ती जेमतेम २.३ मीटर रुंद, दोन्हीकडे बोये लावून आखलेली. या वाटेच्या मध्यरेषेपासून ११.५ मीटरवर, आळीपाळीने डावीकडे आणि उजवीकडे, असे एकूण सहा लाल बोये. एकाच्या पुढे दुसरा ४१ मीटरवर. बोट वाकडी न होता, वेग न बदलता सरळ निघून जाते. मागे दोर धरलेला माणूस एकाच स्कीवर उभा असतो, एका पायापुढे दुसरा पाय. त्याने सुरुवातीच्या दोन बोयांच्या फाटकातून आत शिरायचं, सहाही बोयांना बाहेरून वळसा घालायचा आणि शेवटच्या फाटकातून बाहेर पडायचं. बोट ताशी ५५ किलोमीटरने, म्हणजे ३४ मैलांनी जात असेल तर हा सगळा कारभार साधारण सतरा सेकंदांत आटोपतो. एका बोयापासून दुसऱ्यापर्यंत पावणेतीन सेकंदही मिळत नाहीत. तेवढ्यात बोटीमागच्या दोन्ही लाटा ओलांडून पलीकडे पोचायचं, वेग मारायचा, वळायचं, आणि वळून झाल्यावर दोर ढिला पडू द्यायचा नाही.

सहाही बोये जमले की पुढच्या फेरीला बोटीचा वेग ताशी ३ किलोमीटरने वाढतो. वेगाला कमाल मर्यादा आहे : पुरुषांसाठी ५८, स्त्रियांसाठी ५५, आणि वय वाढेल तशी ती खाली येते. मर्यादा गाठली की मग दोर आखूड करत जायचं. खरी गंमत तिथून सुरू होते. दोराला ठरावीक अंतरावर रंगीत फासे असतात. १८.२५ मीटरपासून सुरुवात, मग १६, १४.२५, १३, १२, ११.२५, १०.७५, १०.२५ आणि ९.७५. आता हे आकडे आणि तो ११.५ चा आकडा शेजारी शेजारी ठेवून पाहा. दोर बांधलेला असतो बोटीच्या मधल्या खांबाला. बोया मध्यरेषेपासून साडेअकरा मीटरवर. म्हणजे दोर ११.२५ चा झाला की, तो बोटीला अगदी काटकोनात आला तरी, बोयापर्यंत पोचतच नाही. उरलेलं अंतर माणसाने आपल्या अंगाने भरून काढायचं : एका हातात मूठ, हात पूर्ण ताणलेला, सगळं शरीर पाण्यावर आडवं झालेलं, आणि स्की तेवढी बोयाच्या पलीकडे. नेट स्मिथ नावाच्या अमेरिकन खेळाडूने २०१३ मध्ये ९.७५ च्या दोरावर अडीच बोये घेतले होते. अडीच! सहापैकी अडीच हा जागतिक विक्रम ठरला असा दुसरा खेळ मला तरी माहीत नाही.

आम्ही अर्थात त्या रांगेत नाही. मी स्वतः सगळ्यात लांब दोरावरच सुखी आहे, आणि सहावा बोया मला अजून बऱ्याच सकाळी हुलकावणी देतो. पण हिशोब सगळ्यांचा एकच. तुमच्यासमोर प्रतिस्पर्धी नसतो, पंच तुमच्यावर डाफरत नाही. कालच्यापेक्षा आज अर्धा बोया जास्त झाला की दिवसभर ऑफिसात माणूस उगाचच गोड बोलतो. या खेळात पैसाही फारसा नाही. स्त्रियांच्या स्लॅलममध्ये वर्षानुवर्षं जगात पहिली राहिलेली रेजिना जॅक्वेस पोटापाण्यासाठी फार्मासिस्टचं काम करत आली आहे. ऑलिंपिकमध्ये वॉटर स्कीइंग आलं ते एकदाच, १९७२ साली, तेही केवळ प्रात्यक्षिक म्हणून. तेव्हा जो कोणी हा खेळ खेळतो तो खेळण्यासाठीच खेळतो, असं समजायला हरकत नाही.

आता मुद्द्याचं बोलतो. या खेळाला लागतं ते सपाट पाणी. बोट जुनी चालते, स्की दुसऱ्याची वापरलेली चालते, पण पाणी खडबडीत असेल तर काहीच चालत नाही. ताशी पन्नासच्या वर वेगाने कडेवर झुकलेल्या माणसाच्या स्कीखाली वीतभर उंचीची आडवी लाट आली की तो नुसता चुकत नाही, आपटतो. आपल्याला क्रिकेटच्या भाषेत लगेच कळेल : आम्ही खेळतो ती खेळपट्टी रोज पहाटे आपोआप रोलर फिरवून तयार होते, आणि पहिल्या मोठ्या लाटेबरोबर ती दिवसभरासाठी उखडते. वारा साधारण नऊनंतर उठतो. तो उठला की आमचा खेळ तसाही संपतो. आम्हाला मिळतात ते सूर्योदयानंतरचे दोन-तीन तास, तेही मे महिन्याच्या उत्तरार्धापासून सप्टेंबरपर्यंत, आणि त्यातून पाऊस-वाऱ्याचे दिवस वजा. उरलेल्या महिन्यांत तळ्यावर काय असतं ते तुम्हाला सांगायला नको. एवढा बर्फ, की गाड्या चालतात त्यावर.

मोठ्या लाटा येतात त्या सर्फिंगच्या बोटींच्या, असं म्हटलं की बरेच जण विचारतात, ‘तुमची बोट तर आमच्यापेक्षा तिप्पट वेगाने जाते, मग लाटा आम्हीच करतो कशा?’ प्रश्न रास्त आहे. उत्तर वेगात नाही, बोट पाण्यात किती बुडालेली आहे त्यात आहे. स्लॅलमची बोट बुटकी, हलकी आणि तळाला जवळजवळ सपाट असते. इंजिन मधोमध असतं, म्हणजे वजन पुढे-मागे कलत नाही. वेग घेतला की ती पाण्याच्या वर उठते आणि पृष्ठभागावरून घसरत जाते. पाणी फार बाजूला सारावं लागत नाही. तिच्यामागची लाट मुद्दाम छोटी ठेवलेली असते, कारण स्कीवाल्याला तीच दर फेरीत सहा-सात वेळा ओलांडायची असते. सर्फिंगच्या बोटीचं सगळं उलटं. लाट मोठी व्हावी हाच तिचा धर्म. टाक्यांत दीड-दोन हजार किलो पाणी भरायचं, मागचा भाग खोल बसवायचा आणि ताशी दहा-अकरा मैलांनी पाणी नांगरत जायचं. तो वेग मुद्दाम असा निवडलेला असतो की बोट धड तरंगतही नाही आणि वर उठतही नाही. त्यातून जी लाट उठते तिच्यावर तुमची मुलगी दोराशिवाय उभी राहू शकते. कौतुकाचीच गोष्ट आहे. पण ती लाट तिथे थांबत नाही. ती काठापर्यंत जाते, दगडी बांधावर आपटते आणि परत येते.

किती लांब जाते याचा अभ्यास आपल्याच गावात झालेला आहे. मिनेसोटा विद्यापीठाच्या सेंट अँथनी फॉल्स प्रयोगशाळेने तळ्यावर प्रत्यक्ष बोटी चालवून लाटा मोजल्या आणि २०२२ मध्ये अहवाल प्रसिद्ध केला. साध्या बोटीची लाट २०० फुटांवर जेवढी उरते, तेवढ्यावर यायला सर्फिंगच्या बोटीच्या लाटेला ५०० फुटांहून जास्त अंतर लागतं, असं त्यात निघालं. त्याच मंडळींनी पुढे बोटीच्या पंख्याने ढवळल्या जाणाऱ्या तळ्याच्या तळाचाही अभ्यास केला आणि सर्फिंग करताना पाणी निदान २० फूट खोल असावं असं सुचवलं. आपल्याकडच्या कितीतरी तळ्यांच्या खाड्या दहा-बारा फुटांच्या आहेत. तिथला गाळ वर आला की पाणी गढूळ होतं, तळाशी बसलेलं खत पुन्हा पाण्यात मिसळतं आणि ऑगस्टमध्ये शेवाळाचा हिरवा थर येतो. मग आपणच ग्रुपवर फोटो टाकून विचारतो, यंदा पाण्याला झालंय काय.

टाक्यांचा विषय निघालाच आहे तर आणखी एक गोष्ट, स्लॅलमशी तिचा थेट संबंध नसला तरी. शनिवारी एका तळ्यावर आणि रविवारी दुसऱ्या तळ्यावर बोट नेणाऱ्यांनी टाक्या नीट रिकाम्या केल्या आहेत याची खात्री करा. बोट पाण्याबाहेर काढल्यावर बूच काढूनच रस्त्यावर न्यायची, हा कायदा सगळ्यांना पाठ आहे. पण टाकीच्या कोपऱ्यात थोडं पाणी उरतंच आणि झेब्रा शिंपल्यांची पिल्लं डोळ्यांना दिसत नाहीत. एकदा तळ्यात शिरली की ती जात नाहीत. त्यांच्या धारदार कवचांमुळे पायात काहीतरी घातल्याशिवाय पोरांना पाण्यात सोडता येत नाही अशी तळी वाढत चालली आहेत.

तर आमचं मागणं काय? सर्फिंग बंद करा असं आम्ही मुळीच म्हणत नाही. काही तळ्यांवरच्या संघटना तसा ठराव मागत आहेत, मला तो आततायीपणा वाटतो. कायद्याने सूर्योदयापासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत कोणालाही मागे माणूस ओढत बोट चालवता येते. जूनमध्ये हा वेळ सोळा तासांच्या आसपास जातो. त्यातले सकाळचे नऊपर्यंतचे तास, कोर्स ज्या भागात आहे तेवढ्या भागात, टाक्या न भरता बोट चालवा. नऊनंतर तळं तुमचं. सर्फिंगला वारा चालतो, थोडी खळबळ चालते, लाट तुम्ही स्वतःच तयार करता. सकाळचं पाणी सपाट आहे की नाही याने तुम्हाला फारसा फरक पडत नाही. आम्हाला त्यानेच सगळा फरक पडतो. हा व्यवहार तुम्हाला महागात जाणारा नाही असं माझं प्रामाणिक मत आहे.

आणि एक बारीकशी विनंती. आमची फेरी संपली की बोट कोर्सच्या टोकाला थांबते, माणूस पाण्यात बसतो आणि मिनिटभर कोणीच हलत नाही. हे आम्ही दमलो म्हणून नसतं (दमतोच, ते वेगळं). आमच्याच बोटीच्या लाटा विरेपर्यंत थांबावं लागतं. म्हणूनच आम्ही टोकाला जोरात गर्रकन बोट वळवत नाही, हळूच फिरवतो. त्या मिनिटात ‘आता झालं यांचं’ असं समजून मधून बोट घालू नका.

आक्षेपांना उत्तर द्यायला हवं. एकाने मला तोंडावर विचारलं, ‘तळं काय तुमच्या बापाचं आहे का?’ नाही. तुमच्याही नाही. मिनेसोटात ते सगळ्यांचं आहे. म्हणूनच परवान्याची भानगड आहे आणि म्हणूनच कोर्सवर आम्ही हक्क सांगत नाही. कोणी स्की करत नसेल तेव्हा तिथून होडी न्या, पोहा, मासे धरा. बोये मऊ आणि पोकळ असतात, बोटीला लागले तर बोटीचं काही होत नाही. खालचा दोर मात्र पंख्यात अडकू शकतो, तेव्हा थेट बोयावरून जाऊ नका. मासे धरणाऱ्यांची एक तक्रार मला पूर्ण मान्य आहे : त्यांचे गळ आमच्या पाण्याखालच्या दोरांत अडकतात. यावर उपाय आहे. पाण्याखाली बुडवून ठेवता येणारे कोर्स मिळतात. खेळायच्या वेळी हवा भरून वर आणायचे, खेळ झाला की परत खाली सोडायचे. आमचा गट तो घ्यायच्या विचारात आहे. खर्चिक आहे, पण त्याने भांडण मिटणार असेल तर घेऊ.

आवाजाचं म्हणाल तर पहाटे सहाला इंजिनाचा आवाज कोणालाच नको असतो, हे मी नाकारत नाही. स्लॅलमवाल्याला संगीत लागत नाही एवढं मात्र आमच्या बाजूने नोंदवून ठेवा.

आणखी एक सूर ऐकू येतो, तो मला जास्त टोचतो. ‘हे गोऱ्यांचे खेळ, म्हाताऱ्या गोऱ्यांचे.’ आधी ‘गोऱ्यांचे’ बघू. हा खेळ याच मातीतला, किंवा याच पाण्यातला आहे. सेंट पॉलपासून सव्वा तासावर, मिसिसिपी जिथे फुगून तळ्यासारखी होते तिथे, लेक पेपिनच्या काठी लेक सिटी नावाचं छोटं गाव आहे. पानगळीत रंग बघायला आपण त्या रस्त्याने जातोच. तिथल्या राल्फ सॅम्युएलसन नावाच्या अठरा वर्षांच्या पोराने १९२२ च्या उन्हाळ्यात डोक्यात घेतलं की बर्फावर घसरता येतं तर पाण्यावर का नाही. त्याने आधी पिंपाच्या फळ्या पायाला बांधून पाहिल्या, मग बर्फावरच्या स्की. दोन्ही बुडाल्या. मग त्याने पाईनच्या दोन रुंद फळ्या आणल्या, सुमारे आठ फूट लांब, त्यांची टोकं आईच्या तांब्याच्या हंड्यात उकळून मऊ केली आणि वर वळवली. पाय अडकवायला चामड्याचे पट्टे ठोकले. दोर म्हणून खिडकीच्या सरकत्या तावदानाला असतो तो जाड दोर घेतला. धरायला लोखंडी कडी लोहाराकडून करून घेतली. बोट भाऊ चालवत होता. दिवसामागून दिवस तो पडत राहिला, कारण तो स्कीची टोकं पाण्याखाली ठेवून उठायचा प्रयत्न करत होता. जुलैच्या सुरुवातीला त्याच्या ध्यानात आलं की मागे रेलायचं आणि टोकं पाण्याच्या वर ठेवायची. तो उठला. आजही आम्ही नवख्याला पहिलं वाक्य हेच सांगतो.

या माणसाने पेटंट घेतलं नाही. ते १९२५ मध्ये न्यूयॉर्ककडच्या फ्रेड वॉलर नावाच्या दुसऱ्याच माणसाने घेतलं, ज्याने पुढे सिनेमासाठी सिनेरामाचा अवाढव्य पडदा काढला. सॅम्युएलसन टर्की पाळत राहिला. त्याच्या फळ्या लेक सिटीतच एका भिंतीवर टांगलेल्या होत्या. त्या १९६३ मध्ये सेंट पॉलच्या एका महिला पत्रकाराच्या नजरेस पडल्या, तेव्हा कुठे चौकशी सुरू झाली, आणि १९६६ मध्ये अमेरिकेच्या वॉटर स्की संघटनेने पहिला स्कीवाला म्हणून त्याचं नाव मान्य केलं. दर जूनमध्ये लेक सिटीत या खेळाच्या नावाने जत्रा भरते. मुलांना घेऊन एकदा जा. शहरातल्या शहरात बघायचं तर मिसिसिपीवर ‘ट्विन सिटीज रिव्हर रॅट्स’ उन्हाळ्यात फुकट प्रयोग करतात. तो स्लॅलम नव्हे, माणसांचे मनोरे आणि उड्या. दहीहंडी बघितलेल्या माणसाला तो अवश्य आवडेल.

आता ‘म्हाताऱ्या’. हे खरंच आहे, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. अमेरिकेतल्या स्लॅलमच्या स्पर्धांत ऐंशी वर्षांपुढच्यांचेही वेगळे गट असतात आणि त्यांत माणसं उतरतात. ताकद लागते, पण त्याहून जास्त लागतो तो तोल आणि धीर. दोराशी कुस्ती खेळणारा तरुण तीन बोयांत दमतो, आणि शेजारची साठीची बाई बोटीला आपलं काम करू देत आरामात सहा घेऊन जाते. हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. आपल्यात चाळिशी उलटली की ‘आता काय’ म्हणायची सवय आहे. गुडघे, कंबर, कोलेस्टेरॉल यांवर आपण तासभर बोलू शकतो. त्यातला एक तास पाण्यावर घालवा म्हणतो मी.

पोहायला येणं मात्र अत्यावश्यक. आमच्या पिढीतले बरेच जण पाठीला डबा बांधून विहिरीत ढकलले गेलेले आहेत. त्यांची पाण्याची भीती तेव्हाच गेली. बाकीच्यांनी आधी वाय.एम.सी.ए.त जाऊन शिका. मग दोन स्कीवर सुरुवात करायची. गुडघे छातीशी, हात सरळ, मूठ गुडघ्यांपुढे, आणि उठायचा प्रयत्न करायचा नाही. बोट उठवते. आपण फक्त तिला अडवायचं नाही. नव्वद टक्के लोक पहिल्यांदा पडतात ते हात आखडून स्वतःला ओढून घ्यायला जातात म्हणून. दोन स्कीवर लाट ओलांडता येऊ लागली की एक स्की सोडून द्यायची, मग काही दिवसांनी एकाच स्कीवर पाण्यातून उठायचं. हा टप्पा माणसाचा अंत बघतो, नाकातोंडात तळं जातं, त्यावर उपाय नाही. त्यानंतर छोटा कोर्स. त्यात बोये मध्यरेषेच्या बरेच जवळ असतात आणि बोट ताशी चाळीस किलोमीटरच्या आसपास चालते. पहिल्या उन्हाळ्यात तिथपर्यंत पोचलात तर उत्तम.

बिनधोक आहे असं सांगून तुम्हाला बोलावणार नाही. मांडीमागचा स्नायू ताणला जातो, बरगड्या दुखावतात, घोटा पिरगळतो. पाणी त्या वेगाला मऊ नसतं. म्हणून काही गोष्टींवर आमच्याकडे चर्चा होत नाही. माणूस बोटीत चढत-उतरत असताना इंजिन बंद, नुसतं न्यूट्रल नव्हे, बंद. कायद्याला मागे बघणारा माणूस किंवा मोठा आरसा यांतलं एक पुरतं, आम्ही माणूसच ठेवतो. बोटीवर बिअर नाही, खेळ संपेपर्यंत कोणालाच नाही. पाण्यावरची दारूची मर्यादा रस्त्यावरच्याइतकीच, ०.०८, आहे हे पुष्कळांना ठाऊकच नसतं. आणि तुमच्या मुलांपैकी कोणी बोट चालवत असेल तर बघून घ्या : जुलै २०२५ पासून १ जुलै २००४ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना बोट चालवायला परवाना लागू लागला, जन्मतारखेची ही अट टप्प्याटप्प्याने आणखी मागे जाते, आणि परवान्याचा ऑनलाइन अभ्यासक्रम आहे.

बायकांना वेगळं सांगायचं कारण एवढंच, की बोटीवर गेल्यावर आपल्याकडे अजूनही त्या सामान, टॉवेल आणि पोरं सांभाळत बसतात, आणि पुरुष पाण्यात. आमच्या गटात सगळ्यात जास्त बोये घेणारी व्यक्ती एक आजी आहे. तिचं टॉवेल सांभाळायचं काम आम्ही आळीपाळीने करतो.

तक्रारीच्या मसुद्याबद्दल शेवटचं. परवान्याचं नूतनीकरण या वसंतात आहे. हरकती येतील त्या येऊ देत. पण ज्यांना सकाळी नऊची वेळ अडचणीची वाटते त्यांनी काउंटीला लिहिण्याआधी आम्हाला सांगावं. शनिवारी आठला थांबा म्हणालात तर शनिवारी आठला थांबू. तुमच्या घरासमोरची खाडी उथळ असेल आणि सर्फिंगला खोल पाणी हवं असेल, तर कुठे २० फुटांहून जास्त खोली आहे त्याचा नकाशा माझ्याकडे आहे, तो देतो. कोर्स शंभर फूट पूर्वेला सरकवून कोणाची वाट मोकळी होत असेल तर तेही मोजून बघू. एवढंच, की एकदा हलवला की सगळं माप पुन्हा घ्यावं लागतं आणि त्या दिवशी गार पाण्यात उतरायला माणसं लागतात.

आणि एक सकाळ या. बर्फ जाऊन पाणी अंगाला सोसेल असं झालं, म्हणजे मेच्या अखेरीस, दर रविवारी आम्ही सूर्योदयाला धक्क्यावर असतो. बोट, दोर, दोन्ही प्रकारच्या स्की आमच्या. वेटसूट, म्हणजे गार पाण्यात ऊब राखणारा अंगाला चिकटणारा पोशाख, असेल तर आणा. लाइफ जॅकेट ट्यूबिंगचं (फुगवलेल्या ट्यूबवर बसून बोटीमागे जाताना घालतात ते) ढगळ चालत नाही, पडल्यावर ते गळ्याशी येतं. अंगाला घट्ट बसणारं हवं. तसं नसेल तर येण्याआधी छातीचं माप कळवा, गटातल्या कोणाचं तरी मिळतंच. चहा आणि पोहे खेळ झाल्यावर, आधी नाही. भरल्या पोटी कोणालाही दोर दिला जाणार नाही.

आपला,
तळ्याच्या उत्तर काठावरचा शेजारी